राजाबाईची अर्धी प्रार्थना

शमुवेल मुकादमाचा आवाज निपाणीच्या तंबाखू वखारीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. मग त्याला लकवा मारला. त्यातून हातपाय सावरले, वाचा मात्र गेली. चर्चमध्ये पाळकांनी विचारपूस केली, तेव्हा ‘बरं आहे’ म्हणायला गेला आणि तोंडातून ‘बादली’ बाहेर पडलं. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. त्या दिवसापासून त्यानं तोंड मिटलं ते मिटलंच. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या दिपाली मॅडमकडं बेळगावला जाणंही सोडलं.

त्याची बायको राजाबाई मात्र हटणारी नव्हती. रोज सकाळी त्याचा हात धरून ती प्रार्थना करायची. "प्रभू, यांची वाचा दे." शेवटचं ‘आमेन’ तेवढं म्हणायची नाही.

"ते तुमी म्हणायचं," ती सांगायची.

तो भिंतीकडं तोंड फिरवायचा.

राजाबाईची थोरली बहीण आक्का कळवळून म्हणाली, "किती मागशील गं? देवाची मर्जी म्हणून गप बस आता."

"देव अजून ‘न्हाय’ म्हणाला न्हाय, आक्का. मी मागणार."

पण आतून तीही थकली होती. एका सकाळी तिच्या तोंडून वेगळंच निघालं. "प्रभू, तू द्यायला उभा हाईस आणि ह्यो माणूस दार लावून बसलाय. त्याच्या मनातली लाज काढून घे. तवर मी हितनं उठत न्हाय."

आणि खरंच उठली नाही. गॅसवरचं दूध उतू गेलं, दारात भाजीवाली हाका मारून निघून गेली. शमुवेल हात सोडवू लागला, तशी तिनं पकड आणखी घट्ट केली.

"बास!" तो ओरडला.

दोघंही दचकले. शब्द स्वच्छ होता.

"परत म्हणा," राजाबाई कुजबुजली.

"बास... बास गं, राजा."

मग तो लहान पोरासारखा रडला. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. लकव्यानंतर तो पहिल्यांदाच रडत होता.

त्याच आठवड्यात दिपाली मॅडमकडं जायला दोघं बेळगावच्या बसमध्ये चढली. कंडक्टरनं तिकीट विचारलं.

"दोन... पाव," शमुवेल म्हणाला.

कंडक्टर बघतच राहिला. राजाबाई बोलायला पुढं झाली, पण शमुवेलनं हातानं तिला थांबवलं. मागं कुणीतरी हसलं. त्यानं तिकडं पाहिलं नाही. छातीत दम भरला.

"बेळ... बेळगाव. दोन."