न दाखवलेला डाग

मित्रांनो, मी एक जुना पिवळा कनेक्टर आहे. खरं सांगायचं तर अर्धाच आहे. आमची जात जोडीने जन्माला येते. एका अर्ध्याला दोन पिना, दुसऱ्याला दोन भोकं. रिमोटवर पळणाऱ्या गाडीची बॅटरी गाडीला जोडायची, तर हे दोन अर्धे एकमेकांत घट्ट बसवावे लागतात. मी पिनांचा अर्धा. माझ्याबरोबर एकाच पिशवीतून आलेली भावंडं गाड्यांमध्ये बसली, धूळ खाल्ली, उड्या मारल्या. माझ्या अंगातून मात्र आजवर विजेचा कणही गेलेला नाही. तरीसुद्धा मला जे कळलं ते त्यांना कळलं नाही. ती गाडीत होती आणि मी कामाच्या टेबलावर होतो. आणि माणसं कळतात ती टेबलापाशीच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पिवळं प्लास्टिक साच्यात ओतलं, त्यात पितळेच्या दोन पिना बसवल्या आणि वरून सोन्याचा मुलामा दिला. सोनं नखाने खरवडलं तर संपेल एवढंच, पण मिरवायला तेवढं पुरतं. पुढे एका घराच्या मागच्या खोलीत मी येऊन पडलो. तिथे मिस्त्रींचं टेबल होतं.

मिस्त्री आयुष्यभर पंखे आणि मिक्सर दुरुस्त करत आलेले. साठी उलटली तसं दुकान बंद केलं आणि टेबल घरी आणलं. त्यांची धाकटी बहीण कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होती. तीही निवृत्त झालेली. मिस्त्री तिला 'बारके' म्हणून हाक मारत. बारकी अठ्ठावन्न वर्षांची होती आणि भावापेक्षा वीतभर उंच होती. पण थोरल्या भावाने लहानपणी मोजमाप घेतलं की ते पुन्हा कोण घेतो?

दर रविवारी गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात रिमोटच्या गाड्यांच्या शर्यती होत. दोघांची मिळून एक जोडी असायची. मिस्त्री गाडी सांभाळायचे, बारकी ती पळवायची. दर रविवारी पहिला नंबर एका दातांच्या डॉक्टरांचा आणि दुसरा या भावंडांचा, असा चार वर्षांचा शिरस्ता होता. आठवडाभर एकमेकांशी तुटक बोलणारी ही दोघं रविवारी सकाळी टेबलाशी बसली की तासन्‌तास बोलत. विषय एकच, गाडी. बाकीचं सगळं, म्हणजे दुखणीखुपणी, मुलांच्या काळज्या, गेलेल्या आईची आठवण, गाडीच्या आडोशाने बोलून व्हायचं.

मला कसं निवडलं तेही सांगतो. गाडीबरोबर आलेला पांढरा कनेक्टर शर्यतीनंतर चटका बसेल इतका तापायचा.

"हात लावून बघ, दादा," बारकी म्हणाली. "एवढा करंट याला झेपत नाही. बदलायला हवा."

"मग गोळीपिना लावू. गोल, सुट्या, सुटसुटीत."

"सुट्या म्हणूनच नको. गेल्या वर्षी उलट्या कुणी जोडल्या होत्या? धूर कुणाच्या नाकात गेला होता?"

"एकदा चुकलो तर जन्मभर ऐकवणार का?"

"जन्मभर नाही. कनेक्टर बदलेपर्यंत." मग तिने मला पिशवीतून काढून समोर धरलं. "हा घे. उलटा बसतच नाही. पकड घट्ट, आणि करंट हवा तेवढा झेपतो. बॅटरीला भोकांचा अर्धा लावायचा, म्हणजे जिवंत टोक उघडं राहत नाही. पिनांचा अर्धा गाडीला."

"प्लास्टिक आहे ते. सोल्डरिंगचं तापलेलं आयर्न टेकवलं की वितळेल आणि पिना वाकड्या होतील."

"म्हणून डाग देताना याचा जोडीदार त्यात बसवून ठेवायचा. तो पिना सरळ धरतो आणि उष्णताही ओढून घेतो. असा एक अर्धा टेबलावर कायमचा ठेव."

तो अर्धा म्हणजे मी. टेबलाच्या कडेला वस्तू घट्ट पकडणारा छोटा वाइस होता, त्यात मला आवळलं, आणि माझी नोकरी सुरू झाली.

मित्रांनो, सोल्डरिंगला आमच्या खोलीत डाग देणं म्हणत. एका वेळी एकच तार सोलायची, दुसरीचं तोंड चिकटपट्टीने बंद ठेवायचं, नाहीतर बॅटरी तिथेच ठिणग्या उडवते. आयर्न तापवायचं, तार आणि कनेक्टरचं टोक दोन्ही गरम करायचं, मग शिशाची तार टेकवायची. शिसं पाण्यासारखं पसरलं की आयर्न उचलायचं आणि तार हलू न देता चार-पाच श्वास थांबायचं. डाग आरशासारखा चकाकला तर पक्का. गोठताना तार जराशी जरी हलली, तर तो राखेसारखा मळकट आणि खडबडीत होतो. तो कच्चा. आज धरेल, उद्या सोडेल.

या दोघांचा एक नियम होता. डाग दिल्यावर मिस्त्री तो दिव्याखाली फिरवून बहिणीला दाखवायचे. ती चष्मा कपाळावरून खाली ओढायची, न्याहाळायची आणि 'पास' म्हणायची. मगच त्यावर काळी स्लीव्ह चढायची, ती गरम केली की आकसून डागाला झाकून टाकते. नापास डाग पुन्हा तापवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यात कुणालाही कमीपणा वाटायचा नाही. नापास करायला बारकीला फार आवडायचं, तो भाग वेगळा.

मी मनातल्या मनात मोजत असे. माझ्यावर कनेक्टर बसवून एकूण सव्वीस डाग दिले गेले. पहिले अठरा निर्धास्त. एकोणिसाव्या डागाला मला पहिल्यांदा कळलं. माझ्यावर बसवलेल्या कनेक्टरातून एक बारीकशी थरथर माझ्यापर्यंत आली. मला वाटलं, बाहेरून ट्रक गेला असेल. पण विसाव्याला ती पुन्हा आली आणि एकविसाव्याला थोडी वाढली. रस्त्यावर एवढे ट्रक नव्हते. मिस्त्रींचा डावा हात कापत होता.

मिस्त्रींनी तो हात लपवण्यासाठी जी हुशारी दाखवली, तेवढी कधी पंखे दुरुस्त करतानाही दाखवली नसेल. कोपर टेबलाला टेकवायला लागले. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले. "थंडी किती वाजतेय," असं भर उकाड्यात म्हणाले. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, सगळं दिसत होतं. त्या एकदा दारातून म्हणाल्या, "अहो, डॉक्टरांकडे जाऊन या की."

"दातांच्या? त्यांचं तोंड रविवारी बघतो, तेवढं पुरे."

वहिनी आत गेल्या. घरात विनोद झाला की विषय संपला असं धरायची पद्धत होती.

मग वर्षाची शेवटची शर्यत आली. आदल्या दिवशी नव्या बॅटरीला कनेक्टर लावायचा होता. पंचविसावा डाग कसाबसा चांगला आला. सव्विसाव्याला शिसं पसरलं, आयर्न उचललं आणि गोठायच्या नेमक्या घडीला हात थरथरला. माझ्यासमोर तो डाग मळकट झाला. मिस्त्रींनीही पाहिला. तेवढ्यात बाहेर बारकीच्या चपला वाजल्या. मिस्त्रींनी झटकन स्लीव्ह पुढे सरकवली आणि वर लायटर फिरवला.

बारकी आत आली. तिने स्लीव्हकडे पाहिलं, मग भावाकडे.

"झाकलास?"

"हो. चांगला आलाय."

मित्रांनो, त्या दोन वाक्यांनंतरही अर्ध्या मिनिटाचं काम सहज झालं असतं. स्लीव्ह कापायची, डाग तापवायचा, संपलं. बारकीने चष्मा खाली ओढला, पुन्हा कपाळावर सरकवला.

"बरं," ती म्हणाली. "पास."

मी वाइसमध्ये आवळलेला होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण आम्हा वस्तूंचं हेच दुर्दैव आहे. माणसांना तोंड असून ती गप्प राहतात आणि आम्हाला नसल्याचा दोष आम्ही स्वतःलाच देत बसतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मला वाइसमधून काढून अवजारांच्या डब्यात टाकलं. गरज पडली तर जवळ असावा म्हणून. मैदानात डब्याचं झाकण उघडं होतं, त्यामुळे मी सगळं पाहिलं. तीस फेऱ्यांची शर्यत. सत्ताविसाव्या फेरीपर्यंत बारकीची गाडी पुढे होती आणि डॉक्टरांचा चेहरा त्यांच्या पेशंटसारखा झाला होता. मग उंचवट्यावरून गाडीने उडी घेतली, चारी चाकांवर अलगद उतरली आणि जागच्या जागी थांबली. सव्विसाव्या डागाने तार सोडली होती. स्लीव्ह मात्र शाबूत होती, त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

डॉक्टर पुढे निघून गेले आणि जिंकून परत आले. "काका, काय झालं? मुळापासून किडली की काय?"

सगळे हसले. मिस्त्री गाडी हातात धरून उभे होते, आणि तो हात आता सगळ्यांना दिसेल असा कापायला लागला होता. त्यांनी तो खिशात घातला आणि मोठ्याने म्हणाले, "मी आधीपासून सांगत होतो, हा पिवळा कनेक्टर नको. पण ऐकतो कोण? निवड आमच्या बाईसाहेबांची!"

सगळ्यांनी बारकीकडे पाहिलं. तिने भावाच्या खिशाकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "निवड माझी होती. चुकलं माझं."

तिने रिमोट डब्यात माझ्या शेजारी ठेवला आणि चालत घरी गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मिस्त्रींनी फोन केला नाही. हारजीत दोघांनाही नवीन नव्हती. पण बहिणीवर खोटं ढकललेलं परत उचलायचं कसं, हे भावाला कळेना. आणि भावाला खोटं न पाडता टेबलाशी परत यायचं कसं, हे बहिणीला कळेना. वहिनी भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "दोघंही एकाच मातीची. एकाला सांगता येत नाही, दुसरीला विचारता येत नाही." मग माझ्याकडे नाही, पण माझ्या दिशेने बघत म्हणायच्या, "आणि त्या दोघांच्या मध्ये ते पिवळं भूत!" मी भूत नव्हतो हो. पण मला कोण विचारतो?

असे सत्तेचाळीस रविवार गेले. मी वाइसमध्ये परत आवळला गेलो होतो, पण माझ्यावर काहीच बसवलं जात नव्हतं. गाडी माळ्यावर गेली. ती बॅटरी, सत्तावीस फेऱ्या पळून रिकामी झालेली, तशीच खणात पडली. अशा बॅटऱ्या रिकाम्या ठेवायच्या नसतात आणि भरूनही ठेवायच्या नसतात, अर्ध्यावर ठेवायच्या. ते काम नेहमी बारकी करायची. कुणाला न सांगता करायची, म्हणून कुणाच्या लक्षातही नव्हतं.

मग एकदा शेजारचा टेबल फॅन दुरुस्तीला आला. मिस्त्रींनी डाग दिला, दोन दिवसांत तो सुटला. पुन्हा दिला, पुन्हा सुटला. शेजारी तो परत घेऊन आला आणि म्हणाला, "मिस्त्री, राहू द्या. दुसरीकडे दाखवतो." तो गेल्यावर मिस्त्री बराच वेळ स्वतःचा डावा हात उजव्याने धरून बसले. मग खण उघडला, बॅटरी काढली आणि ब्लेडने ती स्लीव्ह उभी चिरली. आत राखेच्या रंगाचा डाग होता. तार त्याच्या शेजारी सुटून पडली होती. कनेक्टर त्यांनी माझ्यावर बसवून पाहिला. तो खट्‌कन घट्ट बसला.

त्यांनी फोन लावला. खोली लहान होती, मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"बारके, जरा येतेस?"

"कशाला?"

"डाग दाखवायचाय."

"नवीन दिलास?"

"नाही. तोच."

मग ती म्हणाली, "तो मी न बघता पास केला होता, दादा. थांब, येते."

ती आली. मिस्त्रींनी दिवा पुढे ओढला आणि बॅटरी तिच्यासमोर धरली, दोन्ही हात उघडे, डावा थरथरत. पण तिने डागाकडे पाहिलंच नाही. तिने बॅटरीच्या पोटावरून अंगठा फिरवला.

"ही फुगलीय."

"डाग तापवून देतो. तू दे हवं तर. अर्ध्या मिनिटाचं..."

"फुगलेल्या बॅटरीला आयर्न दाखवतात का? पेट घेईल. गेली ती, दादा. वर्षभर रिकामी पडली होती ना?"

मिस्त्री खाली बसले. मग तिने भावाचा डावा हात टेबलावर सपाट ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला. त्याची थरथर टेबलातून माझ्यापर्यंत येत होती, ती जरा कमी झाली.

"कधीपासून?"

"तुला माहीत होतं."

"होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू झाकलं होतंस म्हणून."

त्या दुपारी दोघांनी अंगणात बादलीभर मिठाच्या पाण्यात ती बॅटरी बुडवून ठेवली, आणि बुडबुडे येत होते तोवर बादलीपाशी बसून राहिली. सोमवारी डॉक्टरकडे जायचं ठरलं. या वेळी दातांच्या नाही. मिस्त्रींनी हळूच विचारलं, "नवीन बॅटरी आणू या का?" बारकी म्हणाली, "बघू." मी माणसांचे पुष्कळ 'बघू' ऐकले आहेत. त्यांतले थोडेच पुढे काही बघतात.

मी अजून वाइसमध्येच आहे. मित्रांनो, आता माझ्या पिनांवरचा मुलामा उडाला आहे, पण मला मिरवायचं नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. कुणाचा हात कापत असेल तर त्याला लाजवू नका, आणि स्वतःचा कापत असेल तर खिशात घालू नका. काम बिघडलं तर झाकण्याआधी कुणाला तरी दाखवा. आणि तुमच्यासमोर कुणी झाकलं, तर न बघता पास करू नका. तो दयाळूपणा नाही. कच्चा डाग सुधारायला अर्धं मिनिट लागतं, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. पण ज्याला तो द्यायचा तेच उरलं नाही, तर माणूस आयर्न न तापवताच खाली बसतो. तेही मी पाहिलं आहे. एकदाच. पण पुरे झालं.