अनुमोदक

भुजंगला एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात सुपरवायझरची नोकरी लागली ती १९९७च्या दिवाळीनंतर. एम.कॉम.चं दुसरं वर्ष अर्ध्यावर टाकून तो निघाला. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यानं मंजूच्या हातात निळ्या पुठ्ठ्याचं एक रजिस्टर आणि आठ पानांची सायक्लोस्टाइल केलेली घटना ठेवली.

"आता पदव्युत्तर विद्यार्थी मंडळाच्या अध्यक्ष तुम्ही, मंजूताई," तो म्हणाला. "घटनेत तसंच लिवलेलं हाय. अध्यक्ष गेला की उपाध्यक्ष."

उपाध्यक्ष मंजू कशी झाली, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. ते पद मुलीसाठी राखीव, आणि ज्या दिवशी सगळ्या मुलींनी नको नको म्हटलं त्या दिवशी मंजू मावसभावाच्या लग्नाला लातूरला गेली होती. नाही म्हणायला ती तिथं नव्हतीच.

"पण करायचं काय असतं?" तिनं विचारलं.

"काही न्हाई. गॅदरिंगला पाहुण्याला हार घालायचा अन् कागद येतील त्यावर सह्या करायच्या." भुजंग हसला, सायकलवर टांग टाकली आणि गेला.

मंजू ही जुन्या मोंढ्यातल्या मूलचंद शेठजींची धाकटी मुलगी. बियाण्याचं आणि सरकी पेंडीचं दुकान, राजस्थानातून येऊन जालन्यात चौथी पिढी. मंजूला मराठी जेवढी यायची तेवढी मारवाडी येत नव्हती. तरी वर्गात ती 'शेठाणी' होती. कुणी वाईट बोलत नसे, पण ती जवळ आली की पोरं जरा सरकून उभी राहत आणि हसण्याचा विषय बदलत. घरी दुसरी तऱ्हा. तिच्या बरोबरीच्या मुली बी.कॉम. होता होता सासरी गेल्या होत्या. त्या माहेरी आल्या की मंजूशी काय बोलावं, हे त्यांना सुचत नसे.

एक नंदा तेवढी तिची होती. नंदा तीर्थपुरीची. पहाटे चारला उठून, घरातलं आवरून, एसटीनं दोन तासांचा रस्ता कापून ती यायची आणि पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकवून सरळ झोपायची. तिच्या वाटच्या नोट्स मंजू लिहून घ्यायची. शेवटच्या तासाच्याही तीच लिहायची, कार्बन लावून, कारण त्या तासाला नंदा नसायचीच. सकाळी वर्गखोल्या ज्युनिअर कॉलेजला लागत, म्हणून एम.ए., एम.कॉम.चे तास दुपारी भरत. शेवटचा तास साडेपाचला सुटायचा आणि तीर्थपुरीची शेवटची गाडी सव्वापाचला सुटायची. अंबडच्या रस्त्यावरची सगळी पोरं पावणेपाचलाच दप्तरं उचलत. प्राध्यापक काही बोलत नसत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नोटीस लागली. शेवटच्या तासाच्या विषयात ज्यांची हजेरी पाऊणपट भरत नाही, त्यांचे परीक्षेचे फॉर्म घेतले जाणार नाहीत. खाली एकोणीस नावं होती. नंदाचं सातवं.

नंदानं ती दोनदा वाचली. "मंग संपलं," ती म्हणाली. "धर्मराजदादानं एवढंच वरीस देल्तं. पुढल्या साली पुन्हा यायचं म्हणलं तर घरात कोण ऐकतंय?"

"आपण काहीतरी करू."

"काय करतीस? तू काय प्राचार्य हायेस?"

त्या संध्याकाळी मंजूनं ती आठ पानं पहिल्यांदा वाचली. सहाव्या पानावर एक कलम होतं: सर्वसाधारण सभेनं मंजूर केलेल्या ठरावाला प्राचार्यांनी पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तशीच बसून राहिली. आपल्या हातात काही आहे, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. घाबरायलाही झालं.

तिनं सभेची सूचना लावली. विषय एकच, तासांची वेळ बदलणे. सभा साडेपाचला, खोली क्रमांक नऊ. सभा साडेपाचलाच व्हायच्या, तसा रिवाज होता. सभासद सहासष्ट, गणपूर्तीला बावीस लागत.

तीन जण आले. तिघंही गावातले. त्यांनी दारातून आत डोकावलं, एकमेकांकडे पाहिलं आणि "चहा घेऊन येतो" म्हणून गेले ते गेलेच.

आठवड्यानं तिनं पुन्हा सूचना लावली. या खेपेला कुणीच आलं नाही.

घटनेत लिहिलं होतं, गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्धा तास तहकूब करावी. नंतर त्याच ठिकाणी, त्याच विषयावर भरणाऱ्या सभेला गणपूर्तीची अट नाही. मंजूनं घड्याळ पाहिलं आणि पहिल्या बाकावर बसली. फळ्यावर दुपारचं गणित तसंच होतं. शिपायानं दोन खोल्यांची दारं लावल्याचा आवाज आला. बाहेर मैदानावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, आणि ती हाक तिच्यासाठी नव्हती. ती अर्धा तास हलली नाही. मग उठली, टेबलामागे जाऊन उभी राहिली आणि रिकाम्या बाकांकडे बघून म्हणाली, "सभेला सुरुवात करू या."

स्वतःचा आवाज तिला इतका मोठा वाटला की पुढचं सगळं ती मनातच म्हणाली. रजिस्टरमध्ये तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं: उपस्थिती, एक. ठराव लिहिला. सूचक म्हणून स्वतःचं नाव घातलं. त्याखाली 'अनुमोदक' असं लिहिलं आणि पेन थांबलं. शेवटी ती जागा तशीच मोकळी सोडून तिनं सही केली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी तो कागद चष्मा लावून वाचला. माणूस वयस्कर, कडक नव्हता, पण कागदाचा माणूस होता.

"किती जण हजर होते?"

"एक, सर."

"कोण?"

"मी."

ते हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा वाचला. "गणपूर्तीचं तुमचं बरोबर आहे. मी इथं आल्यापासून ते कलम कुणी वाचलेलं मला आठवत नाही. पण अनुमोदक कुठाय?"

"नाही, सर."

"मग हा ठराव नाही. एकट्याचा असतो तो अर्ज. अर्ज मी ठेवून घेतो. पण त्याला उत्तर द्यायला मी बांधील नाही, हे तुम्हाला माहीत असेलच."

ती बाहेर आली तेव्हा नंदा जिन्यात उभी होती. मंजूनं सगळं सांगितलं. नंदा म्हणाली, "तू साडेपाचला सभा ठिवतीस. ज्येंची गरज हाय ते त्या टायमाला गाडीत असतेत. कोण येईल?" ती रागानं बोलली नव्हती, पण मंजूचा चेहरा उतरला. इतकी साधी गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही, कारण आपल्याला कधी गाडी पकडावी लागली नाही.

तिनं पुन्हा घटना काढली. साडेपाच हा आकडा त्यात कुठंच नव्हता. लिहिलं होतं ते एवढंच: सभेचं स्थळ आणि वेळ अध्यक्ष ठरवतील.

तिसरी सूचना वाचून पोरं नोटीस बोर्डापुढं थांबून हसली. सभेचं स्थळ होतं बसस्थानक, अंबडच्या गाड्यांचा फलाट. वेळ चार वाजून पंचावन्न मिनिटं.

आजवर कॉलेजात येऊन एकही तास न बुडवलेल्या मंजूनं त्या दिवशी शेवटचा तास बुडवला. ती फलाटावर पोचली तेव्हा पोरं पिशव्या मांडून उभी होती. ती कुणाला बोलावत फिरली नाही. बाकावर रजिस्टर उघडून ठेवलं आणि डोकी मोजली. तेवीस भरली.

"गणपूर्ती झालीय," ती म्हणाली. "मी ठराव वाचते."

सुरुवातीला दोघंतिघंच वळले. मग बाकीचेही जवळ आले, बाहेरगावच्या दोन बायका आणि एक म्हातारेबाबा उगाच ऐकायला थांबले. मध्येच कर्ण्यावर परभणीच्या गाडीची घोषणा झाली. मंजू थांबली आणि ती संपल्यावर तिनं पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. तास साडेअकराला सुरू करून चार वाजता संपवावेत. एकोणीस जणांची हजेरी जादा तास घेऊन भरून घ्यावी.

"बराबर हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "बिलकुल बराबर."

"सूचक मी आहे," मंजू म्हणाली. "अनुमोदक पाहिजे. एक जण."

ठराव बरोबर असणं वेगळं आणि त्याखाली आपलं नाव असणं वेगळं. मंजूनं नंदाकडे पाहिलं. तिनं ठरवून पाहिलं नव्हतं, नजर आपसूक तिकडे गेली. दुसऱ्या कुणाकडं जाणार?

"नंदा?"

नंदा चपलेच्या अंगठ्याकडे बघत होती. "माझं नाव नको गं टाकू," ती हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "कॉलेजच्या इरोधात सही केली म्हणून दादाला कळलं तर उद्यापासून घरीच बसवील. तुझं काय जातंय?"

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निसटलं, हे तिच्याही लक्षात आलं असावं. ती मागे सरकली आणि दोघा पोरांच्या आड गेली.

"टाका माझं." एक काळासावळा, थोराड मुलगा पुढे आला. कचरू. एम.ए.ला होता, रात्रपाळीला रोलिंग मिलमध्ये जायचा, वर्गात कुणाशी फारसा बोलायचा नाही. "कचरू रखमाजी. लिवा. माझ्या घरी मला इच्यारणारं कुणी न्हाई."

तिनं लिहिलं. हात वर झाले. तेवीस सह्या व्हायला दहा मिनिटं लागली. कुणी पेन झटकत होतं, कुणी दुसऱ्याच्या पाठीवर रजिस्टर ठेवून लिहीत होतं. सर्वांत शेवटी नंदानं सही केली, सभासदांच्या यादीत, बावीस नावांच्या खाली. मान वर न करता. तेवढ्यात गाडी लागली, आणि सभा संपल्याचं मंजूनं म्हणायच्या आधीच सगळा फलाट दाराकडे धावला.

गाडी निघून गेल्यावर मंजू रजिस्टर छातीशी धरून उभी राहिली. मग चालत मोंढ्यात आली. तुझं काय जातंय? वाटेत तिनं याचं उत्तर शोधलं. खरंच काही जात नव्हतं. तिची हजेरी पूर्ण होती.

मोंढ्यात बातमी तिच्या आधी पोचली होती. जेवताना मूलचंद म्हणाले, "स्टँडवर भाषण केलं म्हणे तू?"

"भाषण नाही, बाऊजी. सभा होती."

"किती होते?"

"तेवीस."

मूलचंदांचा घास हातातच राहिला. "आमच्या व्यापारी संघाला कधी तेवीस जमले न्हाईत," ते म्हणाले, आणि मग पत्नीकडे वळून त्यांनी वरण मागितलं. त्यांना लेकीचं कौतुक वाटलं होतं, ते तिला कळलं. पण मनात जे टोचत होतं ते ताटावर बसून सांगण्यासारखं नव्हतं.

बाराव्या दिवशी प्राचार्यांचं लेखी उत्तर आलं. जुन्या ग्रंथालयाचा हॉल रिकामा करून साडेअकरा ते चार या वेळेत तास भरवायचे, जानेवारीपासून. एकोणीस जणांसाठी चार रविवार जादा तास. कागदावर 'ठराव मान्य' असं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. नंदाचा फॉर्म घेतला गेला.

नवीन वेळेच्या पहिल्या दिवशी मंजू हॉलमध्ये लवकर जाऊन बसली आणि शेजारची जागा तिनं दप्तरानं धरून ठेवली. नंदा आली. तिनं बाकाकडे पाहिलं, जराशी हसली, आणि पलीकडे अंबडच्या मुलींत जाऊन बसली. मंजूला वाटलं, आजच्यापुरतं असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. आठवडाभरानं मंजूनं दप्तर खाली ठेवायला सुरुवात केली. आता कार्बनचीही गरज नव्हती. चार वाजता सगळे एकदम उठत, गलका करत स्टँडकडे निघत, आणि पाच मिनिटांत हॉलमध्ये मंजू आणि झाडूवाल्या साळूबाई उरत.

ती रागावली नव्हती. नंदाला भीती वाटली यात तिला नवल वाटलं नव्हतं. एकदा तिनं तसं सांगायचंही ठरवलं आणि जिन्यात गाठलं. पण नंदा "गाडी चुकंल" म्हणाली. सव्वापाचच्या गाडीला तेव्हा तास होता.

एप्रिलमध्ये शेवटचा पेपर झाला. बाहेर उन्हाचा चटका होता. लिंबाखाली नंदा एकटीच उभी दिसली आणि यावेळी ती आपण होऊन जवळ आली.

"कसा गेला?"

"चांगला. तुला?"

"मलाबी." नंदानं पदरानं चेहरा पुसला. "मंजू, मला तुझ्याजवळ बसवत नव्हतं गं. तू बोलत बी नव्हतीस, भांडत बी नव्हतीस. दोन शब्द लावून बोलली असतीस तर म्या रडून घेतलं असतं अन् मोकळी झाले असते."

"मला राग आलाच नव्हता."

"त्येच तर." नंदा म्हणाली. "त्याचंच मला लई जड गेलं."

मंजूला वाटत होतं, आता एखादं बरं वाक्य सापडलं तर सगळं ठीक होईल. सापडलं नाही. नंदानं तिचा हात धरला, दाबला आणि सोडला. अंबडच्या मुली फाटकातून हाका मारत होत्या.

मंजूनं ऑफिसात जाऊन रजिस्टर जमा केलं. पुढच्या वर्षासाठी अध्यक्ष म्हणून कचरूची निवड झाली होती. त्याच्या नावानं पोच लिहिली. कारकुनानं रजिस्टर कपाटात टाकलं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, पेपर कसा गेला. चांगला गेला, ती म्हणाली. ओसरीवर वर्षाचे गहू निवडायला काढले होते. हातपाय धुऊन मंजू आईच्या समोर सूप घेऊन बसली. आई अधूनमधून लातूरच्या पाहुण्यांचं काहीबाही सांगत होती, मंजू हूं हूं करत होती. ऊन ओसरीवरून उतरलं तरी दोघी निवडतच होत्या.