डाव्या हाताची दाढी

साबण बघून माझं डोकंच फिरलं. लाकडी वाडगं, त्यावर घट्ट झाकण, झाकणावर सोनेरी अक्षरं, आणि आत काय, तर दाढीचा साबण! लेकीने वडिलांच्या वाढदिवसाला पाठवलेला. "हिला काय पैसे वर आलेत का?" मी म्हणाले. पण चंदनाचा वास इतका सुरेख, की मी तो गुपचूप माझ्या ठेवणीतल्या कपड्यांत ठेवून दिला. तसंही घरात दाढी करणारं होतं कोण?

आमचे हे शिंपी. पुढची खोली म्हणजेच दुकान. हिवाळ्यात कुणाचं तरी माप घेता घेता ह्यांची उजवी बाजू लुळी पडली. बोलणं परत आलं, पायही परत आला, हाताने मात्र दगा दिला. व्यायामाची ताई यायची, हातात स्पंजचा चेंडू द्यायची, "काका, दाबा." हे तो खाली टाकून द्यायचे. "मी काय पाळण्यातलं पोर आहे?" दाढी वाढत गेली. न्हाव्याला बोलावते म्हटलं, तर म्हणे माझ्या गळ्याशी दुसऱ्याचं पातं नको. दुकानातल्या मोठ्या आरशावर स्वतःच चादर टाकली. लेकीचा व्हिडिओ कॉल आला की भिंतीकडे तोंड करून पडायचे.

आणि आता लेकच येणार होती, दुपारच्या गाडीने.

"तिला सांग, मी झोपलोय," सकाळी हे म्हणाले.

"आणि ती जाईपर्यंत झोपूनच राहणार?"

"राहीन."

का ते मला ठाऊक होतं. लहानपणी ही पोर रोज बापाची दाढी झाली की त्यांच्या गालाला गाल घासायची आणि निकाल सांगायची. पास, नाहीतर नापास. एक खुंट जरी लागला तरी नापास, की हे हसत परत पातं हातात घ्यायचे. तिच्यासमोर हे असलं तोंड घेऊन जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोर एवढ्या लांबून यायची आणि बापाने चादरीत तोंड खुपसायचं?

मी कपाटातून वाडगं काढलं, पाणी तापवलं, ह्यांचा जुना ब्रश शोधला आणि आरशावरची चादर ओढून फेकून दिली.

"बसा इथे. मी करते तुमची दाढी."

"तू?"

"का? तुमच्या शर्टांची काजं इतकी वर्षं कुणी केली?"

आधी दाढी कापून कमी करायला हवी होती. समोर टेबलावर कात्री होती, मी उचलली. तर हे असे ओरडले की शेजारीण खिडकीत आली. "कापडाची कात्री आहे ती! केसांना लावशील तर बघ!" कित्येक महिन्यांनी त्या आवाजात जोर ऐकला. मी मुकाट्याने स्वयंपाकघरातली कात्री आणली.

मग साबण. तो दगडासारखा कडक. ब्रश चांगला बुचकळून घासला, तर नुसतं दुधाळ पाणी. ते ह्यांच्या मानेवरून थेट बनियनमध्ये गेलं. मी आणखी पाणी घातलं, ते आणखी पातळ झालं.

"एवढा भारीचा साबण आणि फेसाचा पत्ता नाही! फसवलं आपल्या पोरीला."

"अगं बाई, दाढी आहे ही, कढई नाही! ब्रश झटक आधी."

"झटकला की."

"ह्याला झटकणं म्हणतात? आण इकडे."

त्यांनी डाव्या हाताने ब्रश हिसकावला, झटकला आणि साबणावर गोल फिरवायला लागले. वाडगं टेबलावरून सरकलं. परत जागेवर ठेवलं, परत सरकलं. शेवटी त्यांनी ते मांडीत घेतलं, आणि कापड हलू नये म्हणून त्यावर इस्त्री ठेवावी तसा उजवा हात उचलून वाडग्यावर ठेवला. ब्रश फिरत राहिला. आधी बुडबुडे आले, मग साय, मग असा दाट, चकचकीत फेस की बघत राहावं. खोलीभर चंदन दरवळलं.

"बघ," हे म्हणाले, "साबणाला नावं ठेवत होतीस."

मी बघतच होते, पण फेसाकडे नाही. वाडगं कललं होतं आणि उजव्या हाताची बोटं त्याच्या काठाला धरून होती. अगदी घट्ट. मी जीभ आवरली. एक शब्द बोलले असते तर त्यांनी हात काढून घेतला असता.

"गाल ताण," डाव्या हातात पातं घेत त्यांनी हुकूम सोडला. "शिवण ताणतेस तसा. आधी वरून खाली, उलटं नंतर."

मी ताणला. डाव्या हातातलं पातं आधी अडखळलं, मग त्या फेसावरून सुळकन गेलं. एक पट्टा साफ. दुसरा. गळ्यापाशी आले तेव्हा मी श्वास रोखला, तर म्हणतात, "तू कशाला घाबरतेस? गळा माझा आहे!" हनुवटीवर रक्ताचा एक ठिपका आला, बाकी काही नाही. तोंड धुऊन त्यांनी आरशात पाहिलं.

"अरे, आहे की हा अजून," ते म्हणाले आणि मोठ्याने हसले.

दार त्यांनीच उघडलं. लेकीने मला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, बाबांच्या साबणाचा वास तुझ्या कपड्यांना कसा?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं. मग ती बापाकडे वळली. बघत राहिली, डोळे भरले, आणि पुढे होऊन तिने गालाला गाल घासला. डावा. उजवा. हनुवटीखालून बोट फिरवलं.

"नापास!"

"अगं, डाव्या हाताने केलीय मी!"

"असेल. नापास म्हणजे नापास."

तिला एक धपाटा घालावासा वाटला मला. पण ह्यांचा चेहरा असा काही फुलला, की मी जागची हललेच नाही. हे तरातरा आरशापाशी गेले, डाव्या हातात ब्रश घेतला, आणि दुसऱ्या हाताने टेबलावरचं वाडगं उचललं.

लेकीने माझा दंड धरला. तिनेही पाहिलं होतं.

"गरम पाणी आण ना," हे आरशातून ओरडले. "दोघी नुसत्या बघताय काय?"

त्यांनी मग स्वतःच खाली पाहिलं. वाडग्याकडे, ते धरलेल्या उजव्या हाताकडे. वाडगं पडलं नाही.

"आणते, आणते," मी म्हणाले, आणि रडत रडत पाणी तापवायला गेले.