निराळ्या आवाजाची पाल

सुमेधाला पालींचं वेड होतं, आणि सासर तळवली गावात, जुन्या दगडी घरात मिळालं म्हणून ती मनातल्या मनात खूश असायची. गोष्ट त्र्याऐंशी सालची. ती वाशीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. घरी माजघराच्या दगडी भिंतीत तिला दोन तऱ्हेच्या पाली सापडल्या होत्या. एक आपली नेहमीची. दुसरी लहानखुरी, बोटं बारीक, शेपूट गुळगुळीत. आणि दोघी एकमेकींच्या वाटेला जात नसत. ही जातच निराळी, असं सुमेधाचं ठाम मत. तिचे मुंबईचे सर मात्र म्हणायचे, "एकाच जातीत एवढा फरक असतो गं. आवाज वेगळा निघाला तर बघू."

आवाज वेगळाच होता. नेहमीची चुकचुकायची, ही जात्यासारखी घरघरायची. पण तो कॅसेटवर यायला हवा ना! कॉलेजचा टेपरेकॉर्डर उद्या परत करायचा होता, आणि आतापर्यंतच्या सगळ्या कॅसेटा सासूबाईंनी नासवल्या होत्या. सुमित्राबाईंना वळणच तसं. बोलता बोलता पाल ओरडली की बोललेलं खरं होतं, फक्त लगेच जमिनीवर बोटं टेकवून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायला हवं. आणि बाईंचं तोंड दिवसभर चालू! पालीचा आवाज आला की त्यावर यांचा कृष्ण ठरलेला. हसावं की रडावं, सुमेधाला कळेना.

"आई, आजच्या दिवस गप्प बसा," तिनं हात जोडले.

दिवेलागणीला तिनं बटण दाबलं. बराच वेळ काहीच नाही. एवढं गप्प बसणं सुमित्राबाईंना कुठलं झेपायला? दुबईला गेलेल्या धाकट्याच्या आठवणीनं त्या पुटपुटल्याच, "माजा दिलीप दिवालीला येल."

आणि भिंतीतून पाल घरघरली.

बोटं जमिनीकडे गेली आणि मधेच थांबली. हात पदरात गुंडाळून, ओठ आवळून सुमित्राबाई बसून राहिल्या. डोळे भरले, पण तोंडातून ब्र नाही. पाल पुन्हा पुन्हा घरघरत राहिली आणि सगळं स्वच्छ टेप झालं.

सुमेधानं बटण बंद केलं. तिला आनंद झाला, पण लगेच ती सासूबाईंकडे वळली.

"आई, म्हणा ना आता."

"आता कशाला? टाइम गेला. तुजा काम जाला ना?"

"झालं."

"मंग उद्या दिलीपला चिट्टी लिव. आईनं बोलावलाय म्हनून."