सबब, दम धरा

साहेब, खोटं तुम्ही लिहिलंत. त्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर तुम्ही चढलाच नाहीत. सरकारी तपासणीला म्हणून गेटवर उतरलात, केबिनमध्ये शहाळं प्यायलात, काचेच्या कपाटातल्या दोन मास्ककडे लांबूनच पाहिलंत आणि 'स्थिती उत्तम' असा शेरा मारून गाडीत बसलात. त्या मास्कची हवेची सिलिंडरं रिकामी आहेत. कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे ते कपाटालाही ठाऊक नाही. रंग मात्र दर वर्षी तपासणीआधी नवा लागतो.

मग वायू सुटला की वर जातं कोण? सुदेश.

सुदेश डोंबिवलीच्या खाडीकाठचा कोळी. त्याच्या बापाने, दाजीने, त्याला दहाव्या वर्षी होडीतून पाण्यात ढकललं ते जाळं सोडवायला. तळाशी खुंटाला जाळं अडकलं की बुडी मारायची, चाचपडत गाठ शोधायची आणि ती सुटेपर्यंत वर यायचं नाही. "दम धर," दाजी सांगायचा, "खाडी कुठं पलत नाय." पुढे खाडीत मासळीऐवजी कारखान्यांचा रंगीत फेस यायला लागला. ज्यांनी मासळी मारली त्यांच्याच दारात सुदेश नोकरीला उभा राहिला. करतो काय?

पहिल्यांदा क्लोरीनचा पाईप गळला तेव्हा सगळे गेटकडे पळाले. सुदेशने तोंडाला ओला गमछा बांधला, छाती भरून घेतली, शिडी चढला, व्हॉल्व्हचं चाक चौदा वेळा फिरवलं, उतरून बाहेर आला आणि मगच श्वास सोडला. नव्वद सेकंद. मालकाने पाठ थोपटली, दिवाळीला मिठाईचा एक पुडा जास्त दिला आणि नव्या मास्कच्या मागणीचा कागद फाडून टाकला. कशाला हवेत? माणूस आहे की!

सहा वर्षांत तो अकरा वेळा वर गेला. बाराव्या खेपेला चाक गंजून अडकलं. सत्तराव्या सेकंदाला त्याला श्वास घ्यावा लागला. एकच, तोही अर्धा. तेव्हापासून त्याला घरातल्या मोरीपर्यंत जातानाही भिंत धरावी लागते. ज्याला दम होता त्याला दमा झाला. एका कान्याचा फरक.

"खाडीनं दिलेलं त्या मेल्यांना फुकट वाटून आलास," एवढंच त्याची बायको मेघाली म्हणाली आणि वाफेचं पाणी ठेवायला उठली.

आता वर जायला दुसरा माणूस हवा. कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर शौनक सर. त्यांनी खडवलीच्या प्रभाकरला निवडलं. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. कँटीनमागे निळं पिंप पाण्याने भरलं गेलं. प्रभाकरने त्यात डोकं बुडवायचं, शौनक सरांनी मोबाईलवर सेकंद मोजायचे आणि घरून रिक्षाने बोलावून आणलेल्या सुदेशने शिकवायचं.

"एकतीस!" शौनक सर ओरडले. "अरे, प्राणायाम समज प्रभाकर. कुंभक म्हणतात याला. फुकटात योगा!"

प्रभाकर नाकातलं पाणी शिंकरत म्हणाला, "सर, योगाला चटई तरी देतात. मास्कचं काय?"

"नदीकाठचा ना तू?"

"म्हणून काय मासा आहे का मी?"

"सोमवारपासून तूच वर. सुदेश, चल, दाखव त्याला."

"नाही दाखवणार," सुदेश म्हणाला. "हे शिकून येत नाही सर. आणि आलं तर पुढे काय होतं, ते बघा." त्याला खोकला आला. शौनक सरांनी मोबाईल खिशात घातला आणि दोन पावलं मागे सरकले. सुरक्षा म्हणजे काय, ते त्यांना नक्की कळत होतं.

शुक्रवारी सुदेश ठाण्याला तुमच्या कार्यालयात आला. लिफ्ट बंद होती. तीन मजले तो प्रत्येक वळणावर बसत बसत चढला. मागणी एकच होती: भरलेल्या सिलिंडरचा मास्क असल्याशिवाय कुणालाही वर पाठवू नये, असा लेखी आदेश सोमवारच्या आत निघावा.

तुम्ही फाईल उघडलीत आणि मागच्या वर्षीचा तुमचाच अहवाल त्याला वाचून दाखवलात. "'सदर ठिकाणी एक कामगार मास्कविना अकरा वेळा गेल्याचे व्यवस्थापनाने कळविले आहे. त्यास कोणताही त्रास झालेला नाही. सबब, वायूचे प्रमाण धोकादायक नाही.'"

सुदेश हसला. घरी सबब म्हणजे काम टाळायचं निमित्त, तुमच्या कागदात सबब म्हणजे निकाल. तुम्ही दोन्ही एकाच ओळीत बसवलंत, साहेब. कौतुक आहे.

"तो एक कामगार मी," तो म्हणाला. "आता बघा मला."

"पुन्हा तपासणी लावू. फाईल वर जाईल, दोन-तीन महिने लागतील." तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत. जेवणाची वेळ झाली होती. "जरा दम धरा."

दाजीचा शब्द, आणि तुमच्या तोंडात! सुदेशने मनगटावरचं घड्याळ काढून तुमच्या टेबलावर ठेवलं. "धरतो की. आधी तुम्ही धरून दाखवा."

शेजारच्या टेबलावरच्या बाई खुदकन हसल्या. त्यांच्यासमोर माघार कशी घेणार? तुम्ही हसत हसत नाक दाबलंत. दहाव्या सेकंदाला हसू गेलं. विसाव्याला गाल लाल झाले. मग भसकन श्वास सोडून तुम्ही पाण्याची बाटली तोंडाला लावलीत.

"चोवीस," सुदेश म्हणाला. "एसीत, खुर्चीत बसून. वर जाऊन यायला नव्वद लागतात आणि प्रभाकरला एकतीस जमतात. राहिले एकोणसाठ. तेवढ्यात त्याने छातीत काय भरायचं?"

तुम्ही घड्याळ त्याच्याकडे सरकवलंत. त्याने ते पुन्हा तुमच्यासमोर ठेवलं आणि स्टूल ओढून बसला.

"सोमवारी प्रभाकर वर जाणार की मास्क येणार? तोंडी नको साहेब, लिहून द्या. मी मोजतोय."