माझ्या गळ्यात ‘क्रौर्य’ची पाटी

मी एक जुनी बाटली आहे, मित्रांनो. माझ्या पोटात सिरम आहे, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटतं ते पिवळं पाणी. रक्त कोणाचं? जन्मालाच न आलेल्या वासराचं. गाय कापली, पोटात वासरू निघालं, त्याच्या काळजात सुई खुपसली. मी हंबरलेही नाही, आणि थेट फ्रीजरमध्ये आले.

प्रयोगशाळेत माझे भारी लाड झाले. मूळपेशी म्हणजे चोखंदळ पोरं, माझ्याशिवाय घोटभर पीत नसत. काचेच्या बशीत पेशी वाढल्या की सगळे मलाच शाबासकी द्यायचे. वासराला कोणी दिली नाही.

आमच्याकडे काचसामान धुणारी मावशी होती. कोणीतरी बिननावाच्या बाटलीत ॲसिड ठेवून गेलं, ते धुताना तिच्या डाव्या डोळ्यात उडालं. डोळ्याच्या डॉक्टरांनी तिच्या चांगल्या डोळ्यातून कणभर तुकडा काढला. त्यातल्या मूळपेशी वाढवायच्या आणि जळक्या डोळ्यावर त्यांचा थर बसवायचा. पेशी जेमतेम एका बशीपुरत्या. चौदा दिवस त्या माझ्यावरच पोसल्या.

तेवढ्यात मोठ्या सरांना प्राण्यांचा कळवळा आला. ‘प्राणीमुक्त प्रयोगशाळा’ असं प्रमाणपत्र द्यायला पाहुणे येणार होते. माझ्या गळ्यात ‘क्रौर्य’ अशी पाटी अडकवून मला टेबलावर मांडलं. सरांच्या कमरेला चामड्याचा पट्टा होता. बहुतेक माझा मामा असावा.

माझ्या जागी आला माणसाच्या प्लेटलेटचा रस. रक्तपेढीत मुदत उलटलेल्या प्लेटलेट फोडून करतात. गुणी होता बिचारा, कोणाला मारावं लागत नाही. फक्त त्यात हेपॅरिन घालावं लागतं, नाहीतर तो थिजतो. तसं लिहिलेला कागदच होता सोबत.

बशी सांभाळणारी ताई हेपॅरिन घेऊन आली, तर सर म्हणाले, “हे कशापासून करतात?”

“डुकराच्या आतड्यापासून, सर.”

“आणि प्रमाणपत्र कशाचं घ्यायचंय? प्राणीमुक्तचं! ठेव ते आत.”

“सर, थिजेल हो. मावशीची एकच बशी आहे.”

“पाहुणे आलेत, आता रडगाणं नको. ओत.”

तिने रस तसाच बशीत ओतला. टाळ्या वाजल्या.

सकाळी बशीत जेली झाली होती. ताईने ती अलगद सोडवायला घेतली, तर जेलीबरोबर पेशींचा अख्खा थर उचकटून आला. चिंध्या झाल्या नुसत्या.

“त्यात काय एवढं?” सर म्हणाले. “दुसऱ्या डोळ्यातून अजून थोडं घेऊ. तो शाबूत आहे ना?”

डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा तुकडा काढला तर तोही डोळा जाईल.

बशी धुवायला गेली. मावशी नळाखाली ती घासत होती.

“ताई, काय सांडलंस गं यात? सुटता सुटत नाही बघ.”

मावशीने नखाने खरवडलं आणि नळ मोठा केला.

प्रमाणपत्र मिळालं, मित्रांनो. मावशीनेच ठोकलं भिंतीवर. वाकडं लागलं म्हणून सरांनी तिला झापलं, “डोळे फुटलेत का?”

“एकच, सर,” ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासाठी वासरं मारू नका. मला हाकलाच, मी वाईटच आहे. पण माझ्या जागी ज्याला आणाल, त्याच्यासोबतचा कागद टाळ्यांच्या आधी वाचा. आणि बशीत कोणाचा डोळा आहे, तेही विचारा.