देवाजीने वॉर्डात आणलेला कूलर

दोष देवाजीचा आहे. आधीच सांगून टाकतो, कारण म्हाताऱ्यांच्या बैठकीत शेवटी सगळं नशिबावर जातं, नाहीतर माझ्यासारख्या टिनाच्या डब्यावर.

मी त्याचा कूलर. चंद्रपूरच्या एका पत्र्याच्या दुकानात ठोकून ठोकून बनलो आणि राजुऱ्याला त्याच्या घरी आलो. इकडचा उन्हाळा म्हणजे भट्टी. देवाजीचा पोरगा निकेश दुपारभर बनियनवर माझ्यासमोर पडलेला असायचा. पंख्याजवळ तोंड आणून "आऽऽ" करायचा. आवाज थरथरला की एकटाच हसायचा. आमची दोस्ती होती.

मग त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. चंद्रपूरच्या दवाखान्यात केमो सुरू झाली. आधी केस गेले, मग अंगातली आजाराशी लढायची ताकद. भर मे महिन्यात वॉर्डाचा एसी बंद पडला, आणि देवाजीने मला टेम्पोत टाकलं.

मागच्या पावसाळ्यापासून मी गुरांच्या कोठ्यात, मोहफुलांच्या पोत्यांमागे पडून होतो. माझ्या तिन्ही बाजूंच्या ताट्यांमधलं गवत ओलं होतं तसंच ठेवलेलं. त्यावर काळे ठिपके. इकडचे बापे दरसाल हेच करतात. पाणी टाकतात, बटण दाबतात आणि म्हणतात, अजून एक उन्हाळा निघते.

रंजीता सिस्टरने वॉर्डाच्या दारातच हात आडवा धरला.

"भाऊ, कूलर आत नाई. यातून बुरशी उडते. तुमच्या पोराले थे सहन नाई होणार. आम्ही इथी फुलंबी आणू देत नाई."

"तुमचा एसी चालते का, बाई?"

"सांगितलं हाये. माणूस येऊन राह्यला."

"माझा पोरगा उकडून राह्यला थे दिसत नाई? कालची पोरगी तू, मले शिकवते!"

मोठे डॉक्टर आले. देवाजीच्याच वयाचे. "राहू द्या हो सिस्टर, गरमी बघा किती आहे," म्हणाले आणि पुढे गेले. दोन म्हाताऱ्यांचं जमलं. सिस्टरचा हात खाली आला.

"बाबा, वास येऊन राह्यला," निकेश म्हणाला.

"गवताचा हाये. तुले काऊन सगळ्यात खोट दिसते? झोप."

देवाजी दिवसभर बादलीने पाणी भरायचा, हे खरं. माझं तोंड नीट पोराच्या उशीकडे वळवायचा. प्रेमच होतं ते. फक्त ऐकून घ्यायची सवय नव्हती. एकदा निकेशने कोपरावर उठून माझ्याकडे तोंड केलं आणि "आऽऽ" म्हणाला. अर्ध्यातच खोकला आला. तो थांबेना.

मग ताप चढला. छातीचा फोटो काढला. फुप्फुसात बुरशी निघाली. सिस्टरने मला ओढत बाहेर नेलं, ताटी उचकटली आणि देवाजीसमोर धरली.

"धुतला होता मी," देवाजी म्हणाला.

धुतला नव्हता.

पाऊस लागायच्या आधीच निकेश गेला.

आता मी त्याच घरामागे उकिरड्याजवळ गंजत पडलोय. बसायला आलेली माणसं म्हणतात, "त्याची वेळच आली होती, भाऊ." देवाजी मान डोलावतो. मला भंगारात द्या, माझं काही म्हणणं नाही. पण दवाखान्याच्या दारात कोणी पोरगी नाही म्हणाली, तर तिचं वय पाहत बसू नका. ऐका.

देवाजीला दुसरं मूल नव्हतं.